भाजीत झुरळ निघालं, आता?

हॉटेलच्या जेवणात नको ते निघालं की आधी आरडाओरडा होतो, मग माफी मागितली जाते, आणि तोवर ताट मोरीत गेलेलं असतं. या वेळच्या पत्रांत बहुतेकांचं घोडं इथंच अडलेलं दिसलं. उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या की किळस आणि धोका यांची मापं वेगळी आहेत. केसाची किळस फार, धोका जवळजवळ नाही. तारेच्या घासणीच्या तुकड्याची किळस कुणालाच येत नाही, पण तो घशात रुतला तर दुर्बीण घालून काढावा लागतो.

प्रश्न : पनीरच्या भाजीत झुरळ निघालं. मॅनेजरनं लगेच वाटी उचलून नेली, दुसरी भाजी दिली आणि बिलही घेतलं नाही. आता तक्रार करायची तर हातात काहीच नाही. नेमकं काय करायला हवं होतं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वाटी आणि बिल, या दोन गोष्टी हातच्या जाऊ द्यायच्या नाहीत. 'राहू द्या साहेब, बिल नको' हा दिसायला दिलदारपणा. पण बिल नाही म्हणजे तुम्ही तिथं काय खाल्लं याचा कागद नाही. यूपीआयची नोंद रक्कम दाखवते, पदार्थ दाखवत नाही. म्हणून पैसे भरा, पदार्थांच्या नावांसह छापील बिल घ्या आणि त्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक आहे का ते पाहा. नसला तर गल्ल्याजवळच्या परवान्याचा फोटो काढा. परवाना दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. पैसे परत मागायचे ते नंतर आणि लेखी.

वाटी हलवायच्या आधी फोटो काढायचे. एक सगळ्या टेबलाचा, एक वाटीचा आणि एक अगदी जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. नाण्यामुळे आकार कळतो, आणि आकार का महत्त्वाचा ते पुढे येतंच आहे. मग मध्ये न थांबवता अर्ध्या-एक मिनिटाचा व्हिडिओ. झुरळ त्याच भाजीच्या दोन-तीन चमच्यांसकट स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. ते धुऊ नका. टिशूत गुंडाळू नका; टिशू रस्सा शोषून चिकटतो आणि सोडवताना पाय, मिशा तुटतात. सॅनिटायझर तर मुळीच नको. डबीवर तारीख, वेळ, हॉटेल आणि पदार्थ लिहून ती फ्रिजमध्ये ठेवा. एक-दोन दिवसांहून जास्त ठेवायची असेल तर फ्रीजरमध्ये.

आता झुरळाकडे नीट बघा, कारण सगळी झुरळं एक नव्हेत. साधारण दीड सेंटिमीटरचं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन गडद उभ्या रेघा असलेलं असेल तर ते जर्मन झुरळ. ते भटारखान्यातच जन्मतं आणि तिथंच वाढतं: फ्रिजच्या दाराच्या रबरात, मिक्सरच्या मोटारीखाली, ओट्याच्या फटीत. मादीच्या एका अंडकोशात तीस-चाळीस अंडी असतात. हे झुरळ ताटात आलं म्हणजे मागे वसाहत आहे, असंच धरावं. चार सेंटिमीटरच्या आसपासचं, लालसर तपकिरी, लांब पंखांचं असेल तर ते बहुधा गटारातून आलेलं अमेरिकन झुरळ. तेही वाईटच, पण तिथं दोष बहुतेकदा मोरीच्या जाळीचा किंवा दाराखालच्या फटीचा असतो. तक्रारीत 'झुरळ निघालं' एवढंच लिहिण्यापेक्षा आकार आणि रंग लिहिलात तर तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याला कुठं बघायचं ते कळतं.

हॉटेलवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं की 'आमच्याकडे नव्हतं, नंतर पडलं असेल'. याचा छडा प्रयोगशाळेत काही अंशी लागतो. कीटकाच्या शरीरात फॉस्फेटेज, कॅटॅलेज अशी विकरं (एन्झाइम) असतात आणि शिजवण्याच्या उष्णतेनं ती निकामी होतात. न शिजलेल्या कीटकावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो. शिजलेल्यावर येत नाही किंवा नावापुरता येतो. पण या चाचणीला मर्यादा आहेत. नमुना दोन दिवस उन्हाळ्यात बाहेर राहिला तर विकरं आपोआपच मरतात आणि कीटक शिजल्यासारखा वाटतो. उलट कच्चा कांदा, कोथिंबीर आणि जिवाणू यांच्यातही कॅटॅलेज असतं, त्यामुळे खोटा फेस येऊ शकतो. डबी फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं ते यासाठीच. हा प्रयोग घरी करून बघू नका, पुरावाच विरघळेल.

ही तपासणी दोन्ही बाजूंनी कापते. २००५ साली अमेरिकेत सॅन होजे इथं एका बाईनं हॉटेलच्या चिली नावाच्या मांसाच्या रस्स्यात माणसाचं बोट निघाल्याचा दावा केला होता. ते बोट चिलीसोबत शिजलेलं नाही, असं तपासात दिसलं. ते तिच्या नवऱ्याच्या एका सहकाऱ्याचं होतं, कामावर तुटलेलं. बाईंना नऊ वर्षांची शिक्षा झाली.

प्रश्न : अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली तर मला भरपाई मिळते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तिथं केलेल्या तक्रारीवर सहसा दंड होतो, आणि दंड सरकारजमा होतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५४ नुसार अन्नात बाह्य पदार्थ निघाला तर एक लाख रुपयांपर्यंत, आणि कलम ५६ नुसार अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्याबद्दल पुन्हा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. यात एक मेख आहे. 'बाह्य पदार्थ' म्हणजे ज्यानं अन्न असुरक्षित होत नाही असा पदार्थ, अशीच कायद्याची व्याख्या आहे. काच, ब्लेड किंवा किड्या-अळ्यांनी ग्रासलेलं अन्न असेल तर प्रकरण 'असुरक्षित अन्ना'त जातं. तिथं तुरुंगवासाचीही तरतूद आहे. म्हणून तक्रारीत कलम ठरवायला बसू नका. काय निघालं, किती खाल्लं गेलं आणि नंतर काय त्रास झाला ते लिहा.

तुमच्या डबीतला नमुना म्हणजे कायद्यानं घेतलेला नमुना नव्हे, हेही समजून घ्या. अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः जाऊन पाहणी करतो आणि स्वतःचे नमुने घेतो. तुमची डबी त्याला दिशा दाखवते, इतकंच. म्हणून वेळ दवडू नका. तक्रार त्याच दिवशी गेली तर अधिकाऱ्याला जे दिसेल, ते आठवड्यानं फिनेल मारलेल्या भटारखान्यात दिसणार नाही. राज्याच्या प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८०० २२२ ३६५ आहे. फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि तोच मजकूर फोटोंसह ईमेलनं जिल्हा कार्यालयात पाठवा. पाहणीत दोष सापडले तर सुधारणा नोटीस निघते; तिची मुदत किमान चौदा दिवसांची असते. त्यामुळे 'तक्रार केली तरी हॉटेल चालूच आहे' म्हणून लगेच संशय घेऊ नका. तातडीनं बंद करायचा अधिकारही कायद्यात आहे, पण तो लोकांच्या आरोग्याला उघड धोका असेल तेव्हा वापरला जातो.

भरपाईसाठी सरळ वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं, आणि २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. गोव्याच्या सहलीत प्रकार घडला तरी सोलापूरकराला पणजीला खेटे घालायला नकोत. आधी हॉटेलला पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. मागणी मात्र झेपेल तेवढीच करा. वाटीत झुरळ दिसलं, खाल्लं नाही, आजार नाही, आणि भरपाई मागितली दहा लाख, तर अर्ज वाचणाऱ्याचा तुमच्यावरचाच विश्वास उडतो. डॉक्टरची चिठ्ठी, औषधांची बिलं, बुडालेला रोज असं जे मोजता येतं ते मांडा.

प्रश्न : बिर्याणी खाताना सात वर्षांच्या मुलीनं बहुधा घासणीच्या तारेचा तुकडा गिळला. आईनं वर दोन केळी आणि भाताचा गोळा दिला. मुलगी ठीक आहे. हे बरोबर केलं का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही. आणि आत्तापर्यंत दाखवलं नसेल तर हे वाचून होताच दाखवा. केळं किंवा भाताचा गोळा टोकदार वस्तूला पुढे ढकलतो, म्हणजेच आणखी खोल रुतवतो. पोट भरलेलं असलं की भूल देऊन दुर्बीण घालायलाही उशीर होतो. उलटीही करवायची नाही. वर येताना तीच तार अन्ननलिकेला दुसऱ्यांदा ओरखडते.

टोकदार वस्तू गिळल्याचा संशय असेल तर खाणंपिणं थांबवा आणि लक्षणं नसली तरी त्याच दिवशी दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. टोकदार वस्तू अन्ननलिकेत असेल तर डॉक्टर काही तासांत काढतात. जठरात असेल तर साधारण चोवीस तासांच्या आत. पुढे आतड्यात गेलेली वस्तू बहुधा चार-सहा दिवसांत शौचावाटे पडते, पण तोवर एक्स-रेनं लक्ष ठेवावं लागतं. गिळताना दुखणं, लाळ गळणं, थुंकीत रक्त, पोटात कळ, ताप, काळी शौच यातलं काहीही दिसलं तर क्षणभरही थांबू नका. बिर्याणीत उरलेला तारेचा तुकडा असेल तर सोबत न्या. स्टेपलर पिन, काच एक्स-रेत सहसा दिसतात. लाकडी टूथपिक, प्लास्टिक आणि बारीक काटा बहुतेकदा दिसत नाही, आणि घासणीची केसाएवढी तारही निसटू शकते. मग सीटी स्कॅन लागतो. ही तार बऱ्याचदा पोटात जातच नाही, जिभेच्या मुळाशी किंवा टॉन्सिलमध्ये रुतून बसते. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांना आधी दाखवलं तरी चालेल.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) मार्गदर्शिकेत ७ ते २५ मिलिमीटरची कठीण किंवा टोकदार वस्तू धोकादायक धरली आहे. त्याहून लहान वस्तूही मुलांना आणि वृद्धांना इजा करू शकते, असंही तिथं म्हटलं आहे.

प्रश्न : जेवणात केस निघाला तर आजार होतो का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : शिजलेल्या अन्नातल्या एका केसानं सहसा काही होत नाही. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात, त्यामुळे टोपी नसलेल्या आचाऱ्याच्या स्वयंपाकात केस न निघणं हाच योगायोग. मात्र कोशिंबीर, चटणी, रायतं असल्या न शिजवलेल्या पदार्थात वारंवार केस निघत असतील तर तोच माणूस डोकं खाजवून तोच हात पदार्थात घालतोय, असा संशय घ्यावा. स्टॅफिलोकोकस जिवाणू त्वचेवर, नाकात आणि टाळूवर असतात. अन्न बाहेर राहिलं तर ते जे विष तयार करतात ते पुन्हा उकळूनही जात नाही. काळजी करायची ती हाताची.

प्रश्न : सांबारात पाल निघाली. आम्ही चौघांनी खाल्लं होतं. पालीचं विष भिनतं म्हणतात, ते कितपत खरं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या घरात फिरणारी पाल विषारी नाही. तिच्या कातडीत, शेपटीत, लाळेत माणसाला मारील असं विष नसतं. तरीही पाल पडलेलं अन्न टाकूनच द्यायचं, कारण तिच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाल उकळत्या सांबारात पडून शिजली असेल तर जिवाणूही मेले. कोमट झालेल्या सांबारात पडून दोन तास तरंगत असेल तर धोका खरा.

वेळेवरून बराच अंदाज येतो. पाल दिसल्यावर पाच-दहा मिनिटांत मळमळ, उलटी झाली तर ती बहुतेक किळसेची. साल्मोनेलाची लक्षणं साधारण सहा तासांनंतर सुरू होतात, काहींना दोन-तीन दिवसांनीही. जुलाब, ताप, पोटात मुरडा आला तर मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस सुरू करा. शौचात रक्त, मोठा ताप, लघवी कमी होणं असेल, किंवा आजारी पडलेलं माणूस लहान मूल, गरोदर बाई वा वृद्ध असेल, तर डॉक्टरकडे जा. शाळेत किंवा लग्नात असं घडलं तर ते अन्न न खाल्लेल्या पंगतीतही उलट्या सुरू होतात. घबराट पसरते ती अशी, म्हणून ओरडून जाहीर करू नका. आधी पातेलं बाजूला काढा.

प्रश्न : जिरा राइसमध्ये काळे दाणे दिसले. उंदराच्या लेंड्या की जळकं जिरं, कसं ओळखायचं? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : दाणा पांढऱ्या कागदावर घ्या, पाण्याचा थेंब टाका आणि टूथपिकनं दाबा. जिरं कितीही करपलं तरी त्याच्या उभ्या शिरा दिसतात आणि ते तंतू सोडत फाटतं. उंदराची लेंडी तीन ते सहा मिलिमीटरची, दोन्ही टोकांना निमुळती. दाबल्यावर तपकिरी लगदा होतो आणि त्यात बारीक केस दिसतात, कारण उंदीर सतत अंग चाटतो. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची. एक-दोन मिलिमीटरचे, बोथट टोकांचे, उभ्या रेघांचे दाणे मोठ्या झुरळाचे. मसाला वेलचीचे दाणे काळे, कोनदार आणि कडक असतात; ते चुरगळत नाहीत आणि त्यांना धुराचा वास येतो. सगळे दाणे यात संपवू नका, दोन-तीन राखून ठेवा.

प्रश्न : माझी खानावळ आहे, दोन्ही वेळचे मिळून दीडशे डबे जातात. वर्षातून दोन-चार वेळा काहीतरी निघतंच. कुठून बंदोबस्त सुरू करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : निघालेल्या वस्तूंची वही ठेवा: तारीख, पदार्थ, वस्तू, त्या दिवशी कामावर कोण. सहा महिन्यांत दिसेल की वस्तू चार-पाच ठरलेल्या वाटांनीच येतात.

सगळ्यात साधी वाट दुधाच्या पिशवीची. कोपरा पूर्ण कापला की ते त्रिकोणी प्लास्टिक चहात, खिरीत, कढीत उतरतं. चीर द्या, पण तुकडा पिशवीलाच लटकता ठेवा. तांदूळ-डाळीच्या पोत्याची सुतळी सुरीनं न कापता टोकाकडून ओढून काढा आणि पोतं भटारखान्याबाहेर फोडा. पालेभाजीच्या जुड्यांचे रबर, पुड्यांच्या स्टेपलर पिना यांसाठी भाजी निवडायच्या जागी एक डबा खिळवून ठेवा. खिशात किंवा ओट्यावर ठेवलेलं रबर शेवटी आमटीत सापडतं.

तारेची घासणी बंदच करा. नायलॉनची घ्या, तीही निळी. हिरवी घासणी पालकात आणि कोथिंबिरीत हरवते. निळ्या रंगाचं अन्न आपल्याकडे जवळजवळ नाही, म्हणून बँडेज आणि हातमोजेही निळेच बरे. करपलेली कढई घासायच्या आधी पाण्यात अर्धा तास उकळून ठेवली की तारेची गरज पडत नाही. मिक्सरच्या भांड्याचं रबर आणि पात्याचं टोक रोज रात्री बोटानं नाही, डोळ्यानं तपासा. चटणीत काळा रबराचा तुकडा येतो तो झिजलेल्या वायसरचा.

अळ्यांचं गणित वेगळं. फ्लॉवर अख्खा मिठाच्या पाण्यात ठेवून उपयोग नाही. अळी दांड्यांच्या बेचक्यात असते. आधी तुरे सुटे करा, मग कोमट मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं, मग दोन पाण्यांनी धुवा. वांग्यात फसगत उलटी होते. वांगं पोखरणारी अळी देठाजवळून आत शिरते आणि तिचं ते भोक भरून येतं. बाहेर दिसतं ते बहुतेक बाहेर पडल्याचं भोक. म्हणजे भोक असलेलं वांगं रिकामं असू शकतं आणि गुळगुळीत वांग्यात अळी बसलेली असू शकते. भरली वांगी करताना चार चिरा देठापर्यंत नेऊन, उजेडात उघडून बघितल्याशिवाय मसाला भरू नका. रवा, बेसन, मैदा पंधरा दिवसांपुरताच भरा. नवं जुन्यावर ओतू नका. चाळणीनं किडे निघतात, अंडी निघत नाहीत. जागा असेल तर उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवलं की अंडीही मरतात.

झुरळांवर रात्री फवारा मारून सकाळी मेलेली झुरळं झाडणं, हा बहुतेक खानावळींचा उपाय. फवाऱ्यानं उरलेली झुरळं आणखी खोल फटीत पळतात आणि मरायला आलेली छतावरून पातेल्यात पडतात. जेलचे आमिष घ्या, हरभऱ्याच्या डाळीएवढे ठिपके फटींत, बिजागऱ्यांत, फ्रिजच्या मोटारीजवळ लावा, आणि त्या जागी फवारा मारू नका, नाहीतर झुरळं आमिष खात नाहीत. उंदराचं पिल्लू सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येतं. पेन्सिल जाते ती फट बुजवायची. दाराखाली पत्र्याची पट्टी, मोरीला बारीक जाळी, पाण्याच्या टाकीला झाकण.

काच भटारखान्यात नकोच. फुटलीच तर त्या ओट्यावरचं आणि आसपासचं उघडं अन्न सगळं टाका. काच शोधून काढली असं कधीच म्हणता येत नाही. आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर त्याच पातेल्यातून दुसरी वाटी भरून देऊ नका. आधी पातेल्याचं वाढप थांबवा.

प्रश्न : मालवणात मासळीच्या थाळीत तळलेल्या तुकडीत पांढरा दोऱ्यासारखा किडा निघाला. हॉटेल घाणेरडं समजायचं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : यात बहुधा हॉटेलचा दोष नाही. समुद्री माशांच्या मांसात असे सूत्रकृमी मासा समुद्रात जिवंत असतानाच शिरलेले असतात. ते नंतर पडलेले नसतात. पूर्ण तळलेल्या, शिजलेल्या माशात ते मेलेले असतात. ज्यांना या कृमींची ॲलर्जी असते त्यांना मात्र मेलेल्या कृमीनंही अंगावर पित्त उठू शकतं. तुकडी मध्यभागी कच्ची, काचेसारखी अर्धपारदर्शक असेल तर ती परत करा. तो हॉटेलचाच दोष.

प्रश्न : ॲपवरून मागवलेल्या पार्सलमध्ये किडा निघाला. ॲपनं पैसे परत केले. आता तक्रारीचा हक्क संपला का? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : केवळ परतावा मिळाल्यानं संपत नाही. 'पूर्ण समाधान झालं' अशा मजकुरावर होकार देण्याआधी मात्र तो वाचा. पार्सलचं सील, ऑर्डर क्रमांकाची चिठ्ठी आणि डबा जपून ठेवा. सील शाबूत असेल तर वाटेत पडल्याचा बचाव टिकायला कठीण. ॲपवर हॉटेलच्या पानावर परवाना क्रमांक असतो, त्याचा स्क्रीनशॉट लगेच घ्या. पुढच्या वेळी शंका वाटली तर पार्सल फोडण्याच्या आधीच व्हिडिओ सुरू करा.